दहा हजार डॉलरची खुर्ची

वानखेडेवर बुमराचा एक चेंडू खेळायला मिळावा म्हणून कुणी घर गहाण टाकायला तयार झाला, तरी त्याला पॅड बांधून मैदानात सोडणार नाहीत. पोकरच्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत मात्र सोडतात. लास वेगासमध्ये दर उन्हाळ्यात ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरते. तिच्या मुख्य स्पर्धेत वयाची २१ वर्षं पूर्ण झालेला कुणीही माणूस ओळखपत्र दाखवून आणि १०,००० डॉलर भरून बसू शकतो. आधी काय जिंकलंत, कुणाकडे शिकलात, कुठल्या क्लबाचे सभासद आहात, हे कुणी विचारत नाही. बसायची जागा चिठ्ठीने ठरते, आणि चिठ्ठी तशी निघाली तर शेजारच्या खुर्चीवर माजी जगज्जेता असतो. तो तुमच्या डोळ्यांकडे रोखून पाहतो आणि तुमच्या हातात काय आहे त्याचा अंदाज बांधतो. दुसऱ्या मोठ्या खेळांत हौशी माणसाला असं भाग्य क्वचितच मिळतं.

ही स्पर्धा १९७० साली बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोमालकाने सुरू केली. पहिल्या वर्षी विजेता चक्क खेळाडूंच्या मतांनी निवडला गेला. तो होता जॉनी मॉस. पुढच्याच वर्षीपासून पद्धत बदलली. सगळ्यांनी सारख्या चिप्स घ्यायच्या, ज्याच्या संपल्या तो उठला, आणि शेवटी सगळ्या चिप्स ज्याच्यासमोर तो विजेता. १९७२ साली प्रवेशशुल्क १०,००० डॉलर ठरलं, आणि ते आजही तेवढंच आहे. त्या काळी ही रक्कम फक्त मुरलेल्या जुगाऱ्यांच्या खिशात असे. त्या वर्षी आठच जण खेळले.

पोकर आपल्याला वाटतो तितका परका नाही. दिवाळीत ज्या घरांत लक्ष्मीपूजनानंतर पत्ते पिसले जातात, तिथल्या पोरांनाही जोडी, रंग, सीक्वेन्स आणि ट्रेल यांची चढउतार तोंडपाठ असते. तीनपत्ती ही पोकरच्याच कुळातली. वेगासला खेळतात त्या ‘टेक्सास होल्डेम’मध्ये प्रत्येकाला दोन पानं बंद मिळतात आणि टेबलावर पाच पानं उघडी पडतात: आधी एकदम तीन, ती ‘फ्लॉप’, मग चौथं ‘टर्न’ आणि पाचवं ‘रिव्हर’. या सातांतून सर्वांत भारी पाच पानांचा डाव जमवायचा. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. पानं बघून कुणी वाढवतो, कुणी धरतो, कुणी टाकून देतो. तीनपत्तीत बरंचसं अंधारात चालतं. इथे डावाचा मोठा भाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा असतो, त्यामुळे समोरच्याच्या प्रत्येक हालचालीवरून त्याच्या दोन बंद पानांपर्यंत माग काढता येतो. कौशल्य आहे ते या माग काढण्यात.

स्पर्धेतल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. त्या मध्येच मोडून रोख घेऊन घरी जाता येत नाही. डीलरच्या डावीकडच्या दोघांना पानं बघण्याआधी सक्तीची बोली टाकावी लागते, आणि ही रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. त्यामुळे नुसतं थांबून, चांगल्या पानांची वाट बघत बसलेला माणूस हळूहळू झिजून संपतो. हातात एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदाच येते. तेवढं थांबायला कुणालाच सवड नसते.

हौशी माणूस आत कसा शिरला, याचं उत्तर ‘सॅटेलाइट’ या पद्धतीत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एरिक ड्राख नावाच्या आयोजकाला ती सुचली. एका टेबलावर दहा जण साधारण हजार हजार डॉलर घेऊन खेळत बसले होते. त्यांना त्याने सुचवलं की हे सगळं एकत्र करा, खेळा, आणि जो जिंकेल त्याने मुख्य स्पर्धेत बसावं, असं सांगतात. दहांपैकी नऊ जण हजार डॉलरला मुकतात आणि दहाव्याला दहा हजारांची खुर्ची मिळते. त्या हजाराच्या सॅटेलाइटला आणखी छोटी, शंभराची सॅटेलाइट जोडता येते. या शिडीची पहिली पायरी कारकुनाच्या पगारातही बसते.

१९७९ साली हॅल फाउलर हा हौशी खेळाडू ५४ जणांत पहिला आला, तेव्हा व्यावसायिकांना धक्का बसला होता. २००२ मध्ये रॉबर्ट वार्कोनी या गुंतवणूक क्षेत्रातल्या माणसाने ६३१ जणांत पहिला येऊन २० लाख डॉलर जिंकले. हा जिंकला तर मी टक्कल करीन, असं फिल हेलमथ या माजी विजेत्याने जाहीर केलं होतं, आणि त्याला सगळ्यांसमोर डोकं भादरून घ्यावं लागलं. तरीही वार्कोनीचा विजय पत्त्यांच्या जगाबाहेर फारसा पोचला नाही. पुढच्या वर्षी मात्र सगळं पालटलं.

टेनेसी राज्यातला २७ वर्षांचा एक हिशेबनीस इंटरनेटवर पोकर खेळत असे. नाव ख्रिस मनीमेकर, आणि आडनाव खरोखर हेच. ‘पोकरस्टार्स’ या संकेतस्थळावर ८६ डॉलरच्या सॅटेलाइटला तो बसला आणि तिथून मोठ्या सॅटेलाइटमध्ये पोचला. त्यात पहिल्या तिघांना वेगासची खुर्ची होती आणि चौथ्याला ८,००० डॉलर रोख. मनीमेकरच्या डोक्यावर क्रेडिट कार्डाचं कर्ज होतं. त्याला रोख हवी होती, आणि चौथं येण्याचा त्याचा मनापासून प्रयत्न चालला होता. खुर्चीसाठी खेळ, म्हणून एका मित्राने त्याला भरीस घातलं. पुढे खर्चासाठी त्याने आपल्या संभाव्य बक्षिसातला वाटा वडिलांना आणि एका मित्राला विकला. मला या कहाणीतला हा भाग सर्वांत खरा वाटतो. स्वप्न बघणाऱ्या माणसाला आठ हजार डॉलर हे स्वप्नापेक्षा मोठे वाटत होते, कारण घरी बिलं पडून होती.

प्रत्यक्ष टेबलावरच्या स्पर्धेत तो त्याआधी कधी बसलेला नव्हता. बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत त्या वर्षी ८३९ जण उतरले. तोवरचा विक्रमी आकडा. मनीमेकर गडद चष्मा आणि टोपी घालून बसे, कारण चेहरा दडवायची सवय त्याला नव्हती. संगणकासमोर ती लागत नाही. १९८७ आणि १९८८ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता ठरलेला जॉनी चॅन त्याच्याच हातून बाद झाला.

मग दहा खेळाडू उरले असतानाचा तो डाव आला. समोर होता फिल आयव्ही, आज अनेक जाणकार ज्याला या खेळातला सर्वश्रेष्ठ म्हणतात तो. मनीमेकरकडे एक्का आणि राणी, आयव्हीकडे नव्व्यांची जोडी. फ्लॉपवर दोन राण्या आणि एक छक्की आली. मनीमेकरच्या तीन राण्या झाल्या. टर्नवर नव्वी पडली आणि आयव्हीचा डाव एकदम तीन नव्व्या, दोन राण्या असा भारी झाला. आयव्हीच्या सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. आता उरलेल्या ४४ पानांपैकी फक्त सात मनीमेकरला वाचवू शकत होती: एक राणी, तीन एक्के, तीन छक्क्या. रिव्हरवर एक्का पडला. आयव्ही उठला. या डावात मनीमेकरने काही कौशल्य दाखवलं असं कुणी म्हणणार नाही. ते निव्वळ नशीब होतं, आणि हौशी माणसासाठी दार उघडं राहतं ते या नशिबामुळेच.

पण स्पर्धा त्याने जिंकली ती दुसऱ्या डावावर. शेवटी दोघे उरले. समोर सॅमी फरा, ओठांत न पेटवलेली सिगारेट धरून बसणारा मुरब्बी खेळाडू. मनीमेकरच्या हातात इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. फराकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. फ्लॉप: इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. फराची नव्व्यांची जोडी जमली. दोघांनीही बोली लावली नाही. टर्नवर इस्पिकची अठ्ठी पडली. आता आणखी एक इस्पिक आलं तर मनीमेकरचा राजाचा रंग, आणि पंजी किंवा दश्शी आली तर सीक्वेन्स. फराने तीन लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने आठ लाख केल्या, फराने धरलं. रिव्हरवर आली बदामाची तिर्री. मनीमेकरकडे काहीच झालं नाही. ना रंग, ना सीक्वेन्स, साधी जोडीसुद्धा नाही. फराने हात आखडता घेतला, आणि मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. ऑल-इन.

हे चित्रीकरण मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी लक्ष जातं ते मनीमेकरच्या स्थिरपणाकडे. फरा विचार करत राहतो. तुझा रंग हुकलेला दिसतो, असं तो तोंडाने बोलूनही दाखवतो. म्हणजे उत्तर त्याला सापडलेलं आहे! मनीमेकर ढिम्म हलत नाही, बोलत नाही, मान वर करत नाही. आणि फरा, बरोबर उत्तर तोंडावर असताना, जिंकणारी जोडी टाकून देतो. मुरब्बी खेळाडूने हिशेब केला तो असा की पहिल्यांदाच इथवर आलेला हौशी माणूस एवढ्या मोठ्या प्रसंगी रिकाम्या हाताने सर्वस्व लावणार नाही. मनीमेकरचं नवखेपणच तिथे त्याचं हत्यार ठरलं. पुढे लवकरच शेवटचा डाव आला, आणि त्यात रिव्हरवर त्याला पंजी मिळाली. त्याच्या तीन पंज्या आणि दोन चव्व्या झाल्या आणि फराची गुलामांची जोडी पडली. २५ लाख डॉलर.

हे सगळं लोकांनी पाहिलं, कारण त्यांना बंद पानं दिसत होती. यामागे हेन्री ओरेनस्टीन या माणसाचा मोठा हात आहे. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझींच्या छळछावण्यांतून वाचला, अमेरिकेत येऊन खेळणी बनवू लागला, जपानी रोबो खेळण्यांत त्याला ‘ट्रान्सफॉर्मर्स’ दिसले आणि हॅस्ब्रो कंपनीला त्याने ती घ्यायला लावली. पोकरच्या टेबलाच्या कडेला बसवायच्या छोट्या कॅमेऱ्याचं पेटंट त्याने नव्वदच्या दशकात घेतलं. ब्रिटनमध्ये १९९९ साली काचेखाली कॅमेरे लावून ‘लेट नाइट पोकर’ दाखवायला सुरुवात झाली होतीच. २००३ मध्ये ईएसपीएनने मनीमेकरचे डाव या तऱ्हेने दाखवले आणि पुन्हा पुन्हा दाखवले. घरी बसलेल्या माणसाला कळत होतं की याच्या हातात काही नाही, आणि फराला ते कळत नव्हतं. बंद पानं अशी दिसू लागण्याआधी पोकर बघण्याचा खेळच नव्हता.

२००४ मध्ये खेळाडू झाले २,५७६. जिंकला ग्रेग रेमर हा पेटंट वकील, तोही ऑनलाइन सॅटेलाइटमधून आलेला. २००५ मध्ये ५,६१९, विजेता जो हाशेम, पूर्वाश्रमीचा ऑस्ट्रेलियातला कायरोप्रॅक्टर. २००६ मध्ये ८,७७३. २०२४ साली १०,११२ जणांनी खुर्ची घेतली, आणि पहिलं बक्षीस होतं एक कोटी डॉलर.

या आकड्यांची दुसरी बाजू स्वप्न बघणाऱ्याने कागदावर मांडून बघावी. दहा हजारांच्या गर्दीत सरासरी खेळाडूची जिंकण्याची शक्यता दहा हजारांत एक. तुम्ही सरासरीच्या तिप्पट चांगले असाल, तरी ती तीन हजारांत एकाच्या आसपास. एक्क्यांची जोडी हातात घेऊन कमी जोडीविरुद्ध सगळं लावलं तर पाचांतले चार वेळा जिंकाल. पण असे पाच प्रसंग लागोपाठ तगून जायची शक्यता जेमतेम एक तृतीयांश. १९८८ नंतर लागोपाठ दोन वर्षं ही स्पर्धा कुणालाही जिंकता आलेली नाही. सात जणांपैकी साधारण एकालाच काहीतरी बक्षीस मिळतं, बाकीचे रिकाम्या हाताने विमानतळाचा रस्ता धरतात.

मग हा नुसता मटकाच की, असं कुणी म्हणेल. मी तसं मानत नाही, आणि त्याला कारण आहे डॅन हॅरिंग्टन. १९९५ चा हा विजेता २००३ साली ८३९ जणांत तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी २,५७६ जणांत चौथा. नुसत्या नशिबाने असं होत नाही. हजारो डावांमध्ये कौशल्य वर येतं, एका डावात नाही. एका डावात नवखा जगज्जेत्याला लोळवू शकतो, म्हणून तो पैसे भरतो. वर्षभरात जगज्जेता नवख्याकडून वसूल करतो, म्हणून तोही पैसे भरतो. स्पर्धेचं पोट या दोघांवर भरतं.

या स्वप्नाचा सर्वांत देखणा वृत्तान्त एका लेखकाने जगून दाखवला. जेम्स मॅकमॅनस या अमेरिकी कवी-कादंबरीकाराला ‘हार्पर्स’ मासिकाने २००० साली ही स्पर्धा टिपायला वेगासला पाठवलं. लेखाच्या आगाऊ मानधनातून तो सॅटेलाइटला बसला, खुर्ची जिंकली, आणि मुख्य स्पर्धेत पाचवा येऊन २,४७,७६० डॉलर घेऊन परतला. ‘पॉझिटिव्हली फिफ्थ स्ट्रीट’ या त्याच्या पुस्तकामुळे असंख्य वाचकांनी पहिल्यांदा आपल्याला त्या खुर्चीत बसवून पाहिलं.

स्वप्नाच्या या धंद्यात लबाडीही शिरली. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी न्याय खात्याने तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांच्या चालकांवर आरोपपत्र ठेवलं. त्यांतल्या ‘फुल टिल्ट’ने खेळाडूंच्या ठेवी जाग्यावर ठेवलेल्याच नव्हत्या, हे पुढे उघड झालं. हजारो लहान खेळाडूंचे पैसे कित्येक महिने अडकले.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रात जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा. कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे मुंबई-पुण्याचा, नागपूर-कोल्हापूरचा हौशी खेळाडू गोव्याला जातो. पणजीला संध्याकाळी मांडवीच्या काठी उभं राहिलं की पाण्यावर दिव्यांनी लखलखणाऱ्या कॅसिनोच्या बोटी दिसतात, आणि प्रवाशांना घेऊन छोट्या फेरीबोटी त्यांच्याकडे ये-जा करत असतात. देशातलं स्पर्धात्मक पोकर मुख्यतः या बोटींवर वाढलं. रूलेट आणि स्लॉट मशीनच्या गोंगाटाच्या पलीकडे पोकरची खोली असते. तिथे चिप्स बोटांत खुळखुळवण्याचा एकसारखा आवाज चालू असतो आणि बोलणं फार कमी.

भारतीय खेळाडू वेगासपर्यंत पोचले आहेत. २०१७ साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत या जोडीने सांघिक प्रकारात वर्ल्ड सिरीजमधल्या विजेत्याला मिळणारं ब्रेसलेट मिळवलं. २०१८ मध्ये निकिता लूथर ब्रेसलेट जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. २०२४ साली संतोष सुवर्णाने अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलरच्या वर बक्षीस घेतलं. पण सामान्य नोकरदाराला मुख्य स्पर्धेच्या प्रवेशापोटीच आजच्या दराने साडेआठ लाखांहून जास्त रुपये मोजावे लागतात. विमान, व्हिसा, राहणं वेगळं. जिंकलंच, तर अमेरिकेत बक्षिसातून ३० टक्के कर आधी कापला जातो.

मनीमेकर ज्या शिडीने चढला, ती शिडी भारतात आता बंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. पोकरचं कौशल्य न्यायालयांनाही एकमताने पटलेलं नाही. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच कौशल्याचा खेळ म्हटलं. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवलं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्य. ऑनलाइन बंदीबद्दल मला हळहळ वाटत नाही. रात्री दोन वाजता मोबाइलवर पगार हरणाऱ्या पोराच्या घरी काय होतं, ते आपल्या आळीत, आपल्या नात्यात पाहिलेलं आहे. त्या खेळाला ना सुरुवात होती, ना शेवट. एक डाव हरला की पुढचा डाव अंगठ्याखाली तयार.

मी भेद करतो तो नेमका इथे. चांगल्या स्पर्धेत माणूस जास्तीत जास्त किती हरेल, ते बसण्याआधी ठरलेलं असतं. प्रवेशशुल्क गेलं की संपलं, उठा. रोखीच्या टेबलावर आणि मोबाइलवर ही मर्यादा नाही, आणि घरं बुडतात ती तिथे. दुर्दैवाने अलीकडे बहुतेक स्पर्धांत ‘री-एंट्री’ आली. बाद झालात तर पुन्हा पैसे भरा, पुन्हा बसा. यात आयोजकांची गल्ला भरण्याची सोय झाली आणि श्रीमंताला चार-चार संधी मिळू लागल्या. वेगासची मुख्य स्पर्धा मात्र अजूनही हे होऊ देत नाही. तिथे अब्जाधीश असो वा हिशेबनीस, प्रत्येकाला एकच खुर्ची आणि ६०,००० चिप्स. त्या संपल्या की पुढच्या वर्षी या.

गोवा सरकारने आणि तिथल्या आयोजकांनी एवढंच करावं, अशी माझी मागणी आहे. पोकर स्पर्धेचा परवाना कॅसिनोच्या परवान्यापासून वेगळा काढा. ती स्लॉट मशीनच्या शेजारी बोटीवर न भरवता जमिनीवर एखाद्या सभागृहात भरवा. प्रवेशशुल्क, आयोजकाचा वाटा आणि बक्षिसांची यादी आधी जाहीर करा. आणि री-एंट्री बंद करा. वर्षभर दरमहा हजार-दोन हजार बाजूला टाकणाऱ्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या कारकुनाला एकदा तरी चांगल्या खेळाडूंच्या टेबलावर बसता यायला हवं, आणि हरला तर त्याच रात्री दुसऱ्यांदा पैसे भरायची सोय त्याला असता कामा नये.